चहा संपला की उठणारी पाहुणी

मॅडमनी वर्गात विचारलं, "नागपूरला जाऊन पाहुणीला कोण घेऊन येईल?" आणि त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर होता. पाहुणी म्हणजे उझबेकिस्तानची मुलगी, नाव दिलनोजा, आमच्यासारखीच ग्रामविकास शिकणारी. चार महिने ती आमच्या यवतमाळच्या कॉलेजात राहणार होती. यवतमाळहून लोक बाहेर शिकायला जातात हे माहीत होतं. बाहेरच्या देशातून कुणी यवतमाळला शिकायला आल्याचं मात्र आमच्या पाहण्यात नव्हतं, त्यामुळे मॅडम थट्टा करताहेत असंच अर्ध्या वर्गाला वाटलं.

खरं सांगून टाकते, माझा हात काही पाहुणचाराच्या हौसेनं वर गेला नव्हता. दिलनोजा इथे टिकली तर पुढच्या सत्रात आमच्यातली एक मुलगी तिच्या कॉलेजात जाणार होती, आणि त्या यादीत माझं नाव सगळ्यात वर होतं. भानगड एवढीच की पहिले पाच दिवस जिल्हा पाहून झाला की रविवारी संध्याकाळपर्यंत तिला एक फॉर्म भरायचा होता. इथेच राहायचं, की पुण्याच्या कॉलेजात जायचं? तिनं पुणे लिहिलं की आमचा करार बारगळला आणि माझं विमानही. म्हणजे पाच दिवसांत यवतमाळ जिल्हा तिच्या गळी उतरवायची जबाबदारी माझी. मी तर आदल्या रात्रीच यादी करून ठेवली होती.

बुधवारी पहाटेची एसटी पकडून मी नागपूर गाठलं. तुम्हाला यायचं असेल तर सांगते, नागपूर-यवतमाळ गाड्या भरपूर आहेत, वर्धेमार्गे साडेतीन तास धरून चला. दुपारी दिल्लीची गाडी आली आणि नोव्हेंबरच्या त्या उन्हात लाल लोकरीचा कोट घातलेली, गोबऱ्या गालांची एक मुलगी डब्यातून उतरली. हातात कापडात गुंडाळलेलं चाकाएवढं काहीतरी. माझ्याकडे बघून तिनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "नमस्ते. आप सोनल जी हैं?" मला जन्मात कुणी 'जी' म्हटलं नव्हतं. ती ताश्कंदला दोन वर्षं हिंदी शिकली होती, पण अगदी पुस्तकातली. माझी हिंदी बाजारातली. दोघींची गाठ बरोबर मध्ये कुठेतरी पडायची.

स्टेशनाबाहेर तिला तर्री-पोहे खाऊ घातले. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, आणि तिनं वर तर्री मागितली. मी मनात म्हटलं, जमलं!

बसमध्ये कंडक्टरनं दोघींनाही बायकांचं अर्धं तिकीट फाडून दिलं. पहिल्याच दिवशी आपण तिला घरची करून घेतलं याचा मला कोण आनंद झाला. वर्धा मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना फुटलेल्या कपाशीची वावरं लागली, आणि ही बाई सीटवरून उठून उभीच राहिली. "पाख्ता! पाख्ता!" खिडकीच्या काचेला दोन्ही तळवे लावलेले.

"काय झालं वो, काही राह्यलं का मागं?" कंडक्टर धावत आला.

"काही नाही हो, पऱ्हाटी पाहून राह्यली," मी म्हटलं.

"पऱ्हाटी? ते काय पाह्याची चीज हाय बाप्पा!"

पण तिच्यासाठी होती. पाख्ता म्हणजे कापूसच. तिचं गाव त्यांच्या देशाच्या पार दक्षिणेला, तेरमेझजवळ, आणि तिच्या घरीही कापूस होता. लहानपणापासून वेचत आलेय, असं तिनं सांगितलं. मग यवतमाळपर्यंत आम्ही दोघी नुसतं कापसाबद्दलच बोललो. एका बोंडात किती पाकळ्या, किती वेचण्या, पाऊस मध्येच आला तर काय. मला वाटलं फॉर्म आजच भरून घ्यावा.

यवतमाळला थेट आमच्या घरी. आई अंगणवाडीत शिकवते. त्या दिवशी तिनं दुपारनंतर रजा टाकली होती, वांगी आणली होती, समोरच्या खोलीत नवी चादर घातली होती. दिलनोजानं ते कापडातलं चाक आईच्या हातात दिलं. ती त्यांच्याकडची गोल पाव-रोटी होती, मधोमध फुलासारखे ठसे, तिच्या आईनं भाजून पाठवलेली. पालथी ठेवायची नाही, एवढंच तिनं बजावलं. आईनं ती कुठे ठेवली असेल? शोकेसमध्ये, माझ्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी.

मग दिलनोजा भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोसमोर थबकली. मोबाइल काढून तिनं आम्हाला आपल्या गावाबाहेरचे फोटो दाखवले. उघड्या माळावर मातीच्या जुन्या भिंती, खोल्यांच्या ओळी. "ये विहार था. बहुत पुराना. वहाँ भी यही मिले थे," असं म्हणत तिनं फोटोकडे बोट केलं. आईनं मोबाइल दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. "पाह्य व सोनल, किती दूरची पोरगी, अन् हे पाह्य," एवढंच ती बोलली. आईला गहिवरून आलं होतं. मलाही आलं होतं, पण माझं अर्धं लक्ष फॉर्मकडे होतं.

आणि मग चहा आला. आमच्याकडे चहा कसा देतात हे वाचणाऱ्या वऱ्हाडी मंडळींना सांगायला नको. कप काठोकाठ भरायचा, वरून आणखी थोडा ओतायचा, तो बशीत उतरला की मान झाला. अर्धा कप पुढे केला तर घरातली बाई पुढे वर्षभर ऐकून घेते. आईनं त्या दिवशी इतका भरला की कप उचलणंच मुश्कील.

दिलनोजानं कपाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मान खाली घालून तो कढत चहा तिनं घोटाघोटानं, पण भराभर संपवला, बशीतलासुद्धा. कप ठेवला, उठून उभी राहिली, छातीवर हात ठेवून म्हणाली, "बहुत धन्यवाद. मैं अब चलूँगी."

गॅसवर वांग्याची भाजी रटरटत होती. भाकरीचं पीठ परातीत होतं.

"काहून व? जेवाची नाही का?" आई माझ्याकडे बघत म्हणाली. मी दिलनोजाला दोनदा विचारलं. ती नुसती हसली आणि बॅग उचलली. प्रवासानं थकली असेल असं म्हणून मी तिला ऑटोनं होस्टेलवर सोडून आले. परत आले तर आई ओट्याशी तशीच उभी. "माह्या हातून काही चुकलं का वो?" एरवी मला 'व' म्हणणारी आई 'वो' म्हणाली, म्हणजे तिला फार लागलं होतं.

गुरुवारी कळंब. यवतमाळहून बसनं पाऊण तास. चिंतामणीचं मंदिर मी लहानपणापासून इतक्यांदा पाहिलंय की त्यात पाहण्यासारखं काय हे मला तिनं दाखवलं. देवाकडे जायला पायऱ्या चढतात, इथे उतरायच्या असतात, याचं तिला भारी अप्रूप. खालच्या गारव्यात, कुंडापाशी ती बराच वेळ बसून राहिली. मग वर येऊन तिनं पेढे घेतले, फुलवालीशी हिंदीत घासाघीस केली आणि हरली. सकाळ इतकी छान गेली की आदल्या संध्याकाळचं मी विसरूनही गेले.

दुपारी जवळच्या एका गावात मॅडमनी ग्रामपंचायत भेट ठरवली होती. आता ग्रामपंचायत म्हटली की काय होतं? शाल, श्रीफळ, हार, टॉवेल टाकलेली खुर्ची. दिलनोजाला बचत गटाच्या बायकांशी बोलायचं होतं, वहीत तिनं प्रश्न लिहून आणले होते. बायका समोर सतरंजीवर बसल्या होत्या आणि ही वर खुर्चीवर. ती खाली बसायला गेली तर चौघींनी धरून पुन्हा वर बसवली. तेवढ्यात ट्रे आला. काठोकाठ कप, बशीत तळं. दिलनोजानं वही मिटली. चहा संपवला. आणि उभी राहिली.

सरपंचताईंचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाहुणीले काही कमी पडलं का आमच्याकडून? पोहे बी करून राह्यलो होतो ना आम्ही." मी म्हणाले, ऊन लागलं असेल. नोव्हेंबरात.

परतीच्या बसमध्ये मला राग यायला लागला होता. एवढं लोक जीव टाकतात आणि हिचं आपलं चहा प्यायला की निघाले! बोलायला गोड, हसायला गोड, पण कुणाच्या दारात पाव तास टिकायचं नाही. शेवटी तिनंच विचारलं, "सोनल जी, यहाँ से पुणे कितने घंटे?" रात्रभर लागते, रस्ता खराब आहे, असं मी ठोकून दिलं. रस्ता काही वाईट नाही, पण वेळच तशी होती.

शुक्रवारी आम्ही पांढरकवड्याला गेलो आणि तिथून ऑटोनं केळापूरला, माझ्या मावशीकडे. यवतमाळहून पांढरकवडा दोन तास. वाटेत सागाचं जंगल लागतं, खिडकीची जागा पकडा. मुक्काम करायचा होता, म्हणून परदेशी पाहुणीची पोलिसांकडची माहिती मॅडमनी आधीच भरून दिली होती. तुमच्याकडे कुणी येणार असेल तर ते विसरू नका. मावशी माझी शेवटची आशा होती. ती कुणालाही अर्ध्या तासात आपलंसं करते, कुत्र्यांनासुद्धा.

मावशीनं दारातच तिचे गाल ओढले. "काय व पोरी, किती गोरी हायस! जेवत नाहीस का?" या दोन गोष्टींचा संबंध मला कळला नाही, पण दिलनोजा खळखळून हसली. आत गेलो. चहा आला. मी मावशीच्या हाताकडे पाहत होते. काठोकाठ.

दिलनोजानं तो संपवला, उभी राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की इथून जायला जागाच नाही. बॅग इथे, बस गेलेली. ती अंगणात जाऊन उभी राहिली. मावशी दारातून मला खुणावून विचारते, "काय झालं इले?" संध्याकाळभर ती अंगणातच होती, बकरीपाशी. गोळाभात वाढल्यावर आत आली, पोटभर जेवली, मावशीच्या हाताची तारीफही केली. पण पाहुणी जागेवर टेकलेली नसते तेव्हा यजमानाला कळतंच. मावशीचा आवाज हळूहळू कमी होत गेला, आणि तिचा आवाज कमी झालेला मी तोवर कधी ऐकला नव्हता.

शनिवारी सकाळी मावशीच्या वावरात वेचणी होती. पांढरकवड्याहून ऑटोचे दर विचारून घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वावरात ऑटो जात नाही, अर्धा कोस चालावं लागतं आणि सँडल घालून येऊ नये. मी सँडल घालून गेले होते.

धुऱ्यावर म्हणजे बांधावर मावशीनं दिलनोजासाठी घरून खुर्ची आणवली होती. खुर्ची! कापसाच्या वावरात, प्लॅस्टिकची, लाल. "तू बस माय, पाह्य फक्त." दहा-बारा बाया कापूस साठवायला कमरेला ओटी बांधून तासात, झाडांच्या दोन ओळींमध्ये, शिरल्या. दिलनोजा पाच मिनिटं खुर्चीवर बसली. मग उठली. मी डोळेच मिटले.

उघडले तर तिनं ओढणी कमरेला बांधली होती, खोचून तिची ओटी केली होती आणि ती तासात शिरली होती. आणि काय तिचे हात! आमच्या बाया एका हातानं झाड धरतात, दुसऱ्यानं वेचतात. हिचे दोन्ही हात दोन बोंडांवर एकदम, झाडाला धक्का नाही, बोंडाच्या काट्याला बोट नाही. मावशी मागे धावली, "अवं, नोको व, हात फाटतीन तुह्ये!" आणि तिच्या ओटीत हात घालून थांबली. मूठभर कापूस वर काढून तिनं उन्हात धरला. पाल्याचा एक तुकडा नव्हता.

"इले तं वेचता येते वो!" मावशी ओरडली. सगळ्या वावराला ऐकू गेलं. तिचा आवाज परत आला होता.

मग काय विचारता! बायांनी तिला मध्ये घेतलं. नाव काय, लग्न झालं का, तिकडं मजुरी काय, नवरा कसा पाह्यजे. मी दुभाषी म्हणून मागे मागे फिरत होते, वेचत कमी आणि बोलत जास्त, त्यावरून मावशीनं माझी यथेच्छ चेष्टा केली. उन्हं चढेपर्यंत दिलनोजाची ओटी तीनदा रिकामी झाली.

दहा वाजता किटलीतून चहा आला. सकाळी घरून निघताना बायांचा अंदाज चुकला होता, दोघी जास्तीच्या आल्या होत्या, त्यामुळे चहा पुरेना. मावशी सगळ्यांना देत देत शेवटी दिलनोजाकडे पोचली तेव्हा किटली उपडीच करावी लागली. स्टीलच्या पेल्याच्या तळाशी दोन घोट. मावशी शरमेनं लाल झाली.

"पोरी, चहाच पुरला नाही व. दोनच घोट आले तुह्या वाट्याले. तू पाहुणी अन्..."

दिलनोजा पेल्यात बघत राहिली. मग ती तिथेच धुऱ्यावर मांडी घालून बसली, खुर्ची शेजारी रिकामी असताना, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हसतही होती. मावशी घाबरली. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं. तिनं पुस्तकी हिंदीत, अडखळत, जे सांगितलं ते ऐकून मला वावरात लपायला जागा हवीशी झाली.

त्यांच्याकडे पाहुण्याला चहा थोडाच ओततात. पेल्याच्या तळाशी. तो संपला की पुन्हा थोडा, पुन्हा थोडा. म्हणजे बसा, तुम्ही बसलात की आम्हाला पुन्हा पुन्हा उठून तुमचं करायला मिळेल. आणि पेला काठोकाठ भरून पुढे केला तर त्याचा अर्थ सरळ आहे. हा घ्या, प्या, आणि निघा. "मुझे पता था कि यहाँ अलग रिवाज होगा," ती म्हणाली. "दिमाग़ को पता था. लेकिन आपकी माँ ने इतना भर दिया, इतना... मैंने सोचा, मुझसे क्या ग़लती हुई?"

तीन दिवस, तीन ठिकाणं. आम्ही जीव ओतून तिला सांगत होतो, जा. आणि ती आमचा मान राखून निमूट निघत होती.

मी मावशीला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "माय वो! मी तं काल बशी बी भरून देल्ली होती!" मग सगळं वावर हसलं. दिलनोजा सगळ्यात जास्त. एका बाईनं आपल्या पेल्यातला उरलेला घोट तिच्या पेल्यात ओतला, मग दुसरीनं. थोडा थोडा, मोजून. ती काही उठली नाही. उन्हं डोक्यावर येईपर्यंत वेचणीच थांबली होती, आणि मावशीनं कुणाला हटकलं नाही.

रविवारी दुपारी आम्ही यवतमाळला परतलो. मी आईला फोनवर सगळं सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि करणं वेगळं. त्यात नेमक्या शेजारच्या काकू येऊन बसलेल्या, परदेशी पाहुणी पाहायला. कुणाच्या घरी चहात पाणी किती याची नोंद काकूंच्या तोंडपाठ असते. आई स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आली. काकूंचा कप काठोकाठ. दिलनोजाच्या कपात बोटभर चहा. तीस वर्षांत आईनं असा कप कुणापुढे केला नव्हता.

काकूंनी कपात डोकावून पाहिलं. "काहून वो, दूध संपलं का?"

"नाही संपलं," आई म्हणाली. "इले जाऊ द्याचं नाही म्हून."

दिलनोजाला वाक्य कळलं नसावं. कप मात्र कळला. तिनं दोन्ही हातांनी तो घेतला आणि मांडी घालून नीट बसली, भिंतीला पाठ टेकून. मग शोकेसमधली रोटी निघाली. ती एव्हाना इतकी कडक झाली होती की आईनं खलबत्ता आणला. तुकडे झाले, आम्ही ते टोस्टासारखे चहात बुडवून खाल्ले, आणि तुकडा बुडवायला चहा पुरायचा नाही म्हणून आई सारखी उठत राहिली. थोडा, पुन्हा थोडा. काकूसुद्धा दुसरा कप अर्धाच मागून प्यायल्या. बुधवारी दिलनोजानं न खाल्लेली वांग्याची भाजी आईनं त्या रात्री पुन्हा केली. दिलनोजानं चार भाकरी खाल्ल्या. फॉर्म तिनं जेवणाआधी भरला, ताटाशेजारी बसून, आणि यवतमाळ मराठीत कसं लिहितात ते मला विचारून घेतलं.

आता फेब्रुवारी आहे. दिलनोजा दर रविवारी घरी असते, तिच्या वहीत आता बचत गटाच्या बायकांची नावं भरली आहेत, आणि मावशी तिच्या लग्नाचं बघते आहे, तिला न विचारता. कुणी बाहेरून इकडे येणार असेल, तर माझ्याकडून एवढंच सांगणं की आमच्याकडे कप भरून आला तर घाबरू नका, आणि उठू नका. आम्हाला तसंच येतं.

माझं तिकीट आलं आहे. पुढच्या महिन्यात निघायचंय, चार महिन्यांसाठी. बॅग उघडीच पडली आहे, आई तिच्याकडे बघत नाही. काल सकाळी मी अभ्यासाला बसले होते, आईनं चहा आणून ठेवला. मी पाहिलं तर अर्धा कप.

"दूध संपलं का?" मी विचारलं.

ती नुसती दारात उभी राहिली. मी तो चहा प्यायले आणि कप पुन्हा तिच्यापुढे केला.